मसुदा, कलम चौदा

ताल्लिनहून नार्वाला जाणारी सकाळची बस.
मांडीवर सदतीस पानं, मधे एक आलेख,
शेवटी शेवटी वर जाणारा.

कलम चौदा माझं होतं.
‘डिजिटल संक्रमणामुळे कार्यमुक्त होणाऱ्या मनुष्यबळास
पुनर्प्रशिक्षण देण्यात येईल.’
कोण देणार, कधीपासून, हे वाक्यानं गिळलं होतं
आणि ढेकरही दिला नव्हता.
वाक्य छान होतं. वाचताना कुठे अडत नव्हतं.

वाचनालयाचा हॉल, चाळीस खुर्च्या, अकरा माणसं.
खिडकीबाहेर नदी, नदीपलीकडे दुसरा देश,
बर्फ दोन्ही काठांवर सारखाच मळलेला.
दुभाषाचं पद गेल्याच वर्षी गोठवलं आम्ही.
आता प्रत्येकाच्या कानात एक बोंडाएवढं यंत्र,
माझं एस्तोनियन त्यात रशियन होऊन पडायचं,
पण जरा उशिरा;
मी विनोद केला, तर हसू आलं
पुढच्या वाक्यावर,
जे बेरोजगारीच्या आकड्यांचं होतं.

तिसऱ्या रांगेतली बाई उठली.
क्लावदिया येफिमोव्ना. फरची टोपी
खुर्चीवर ठेवली, जागा धरून ठेवावी तशी.
प्लास्टिकच्या फोल्डरमधून तीन प्रमाणपत्रं काढून
माझ्या टेबलावर मांडली, पत्ते मांडावेत तशी, एकेक.

गिरणीत ती आवाजावरून सांगायची
कुठल्या मागावरचा धागा आता तुटणार.
गिरणीच तुटली.
मग गल्ल्यावर बसली, पहिलं प्रमाणपत्र;
ते काम आता गिऱ्हाइकंच करतात, फुकट.
दुसऱ्यावर गोदामाचा हिशेब शिकली,
शिकून होईतो गोदामाला हिशेबनीस नको होता.
तिसऱ्यावर वीज कंपनीचा फोन.
शेवटचे सहा महिने तिला तिच्याच जागी येणाऱ्याला शिकवायचं होतं.
म्हातारी माणसं चिडली की ती म्हणायची, ‘हं, सांगा.’
तोही आता तेच म्हणतो. तिच्याच सुरात.
परवा बिलासाठी फोन केला,
तर स्वतःचंच ‘हं, सांगा’ ऐकून ठेवून दिला.

‘यंत्र मला म्हणालं, कार्यमुक्त,’ ती म्हणाली,
‘मी तुरुंगात होते का?’

मागून कुणी वेनियामिन नावाचा गृहस्थ, बसूनच:
‘मोकळा वेगळा, रिकामा वेगळा.
नीट लिहा की काहीतरी एक.’

‘शिकायला मी कधी नाही म्हटलेलं नाही,’ क्लावदिया,
‘चौथंही शिकेन. फक्त एवढं सांगा,
तुमच्या या रेघेवर मी कुठे आहे?’

मी बोट ठेवलं. चढाच्या अलीकडे एक खाच होती,
सादरीकरणात आम्ही तिला ‘समायोजन’ म्हणतो.
‘किती लांब आहे ही?’
मी पेन आडवं धरून मोजलं. चौदा महिने.
‘चौदा महिने घर गरम कोण ठेवणार?’

मी परिशिष्ट ब उघडलं.
परिशिष्ट ब मध्ये संगणकांची यादी होती.

हॉलमध्ये कुणी काही बोललं नाही. यंत्रांनी
ते न बोलणंही प्रामाणिकपणे भाषांतरित केलं असावं.
मग चहा झाला, थर्मासमधला, फार गोड.
तिनं प्रमाणपत्रं परत फोल्डरमध्ये घातली,
त्याच क्रमानं.

परतीच्या बसमध्ये मी ‘येईल’ खोडलं.
लिहिलं: ‘मंत्रालय देईल. कामाच्या शेवटच्या दिवसानंतर लगेच.
शिकत असेपर्यंत आणि नवं काम लागेपर्यंत
मागच्या पगाराच्या ____ टक्के.
ज्या यंत्राला तिनं शिकवलं, त्याच्या मालकाकडून
त्यातला वाटा.’

पडद्यावर खाली निळी रेघ आली.
वाक्य लांब आहे. सुचवलेला पर्याय:
पुनर्प्रशिक्षण देण्यात येईल.

मी पर्याय नाकारला. त्यानं कारण विचारलं,
तीन आयत्या कारणांपैकी एक निवडा म्हणाला.
मी ‘इतर’ निवडून लिहिलं,
तिसरी रांग, टोपी ठेवलेली खुर्ची.

राक्वेरे मागे पडलं. बाहेर चारलाच अंधार.
टक्क्यांच्या अलीकडची जागा अजून तशीच आहे,
तिथे आकडा घालायचा अधिकार माझा नाही.
सोमवारी अर्थखात्याशी बैठक आहे,
साडेनऊला, अर्ध्या तासाची.